थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म : सुमारे १५४९, बुश्टन, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू : १६१९, गोवा) हे येशूसंघाचे (जेझुइट) इंग्रज धर्मगुरू, मराठी कवी व कोकणी भाषेचे व्याकरणकार होते. पोर्तुगीज कागदपत्रांत त्यांचे नाव तोमास इश्तेव्हांव असे येते, तर मराठी वाचक त्यांना फादर स्टीफन्स या नावाने ओळखतात. ख्रिस्तपुराण हे त्यांचे ओवीबद्ध मराठी महाकाव्य १६१६ साली छापले गेले. भारतात स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. गोव्याच्या साष्टी प्रांतातील नव्या कॅथलिक कुटुंबांना सणावारी व घरी वाचण्यासाठी त्यांच्याच भाषेत व त्यांना परिचित असलेल्या पुराणाच्या रूपात धर्मकथा उपलब्ध करून देणे, हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते.

जन्म, शिक्षण व धर्मनिष्ठा

स्टीफन्स यांचे वडील लंडनमधील व्यापारी होते. त्यांचेही नाव थॉमस होते. स्टीफन्स यांचे शिक्षण विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथे झाले. त्यांच्या तरुणपणी इंग्लंडमध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिची सत्ता होती. १५५९ च्या कायद्यांनी कॅथलिक मिस्सा बेकायदेशीर ठरवली होती व सरकारमान्य चर्चमधील उपासनेला न जाणाऱ्यांना दंड होत असे. त्यामुळे कॅथलिक पंथ सार्वजनिक जीवनातून हद्दपार होऊन घराच्या चार भिंतींआड जगू लागला. मुलांना प्रार्थना शिकवणे, उपवास पाळणे, संतांचे दिवस लक्षात ठेवणे हे सारे काम कुटुंबाकडे आले. एखादा धर्मगुरू गुप्तपणे आला, तर घरातच मिस्सा होई.

या वातावरणात स्टीफन्स यांची थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी मैत्री झाली. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड यांना अटक झाली आणि पुढील अनेक वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी संत अंद्रिया यांच्या नावाने असलेल्या तेथील उमेदवारगृहात त्यांना प्रवेश मिळाला. पाउंड यांनाही संघात घ्यावे म्हणून स्टीफन्स यांनी रोममध्ये वरिष्ठांकडे रदबदली केली. ती मान्य झाली आणि पाउंड तुरुंगात असतानाच संघाचे सदस्य झाले. पुढे स्टीफन्स यांनी पूर्वेकडे जाण्याची परवानगी मिळवली.

भारतात आगमन

४ एप्रिल १५७९ रोजी पाच जहाजांच्या ताफ्यातून स्टीफन्स लिस्बनहून निघाले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणारा हा प्रवास साडेसहा महिने चालला. ताज्या अन्नाच्या अभावी हिरड्या सुजण्याचा रोग जहाजावर पसरला. सुमारे दीडशे जण आजारी पडले व त्यांपैकी सत्तावीस जण दगावले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. त्या वेळी त्यांचे वय सुमारे तीस वर्षे होते. १० नोव्हेंबर १५७९ रोजी त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र लिहिले. रिचर्ड हॅक्लूट यांनी आपल्या प्रवाससंग्रहात ते प्रसिद्ध केले. भारताच्या सागरी मार्गाविषयी इंग्लंडमध्ये जे कुतूहल वाढत गेले, त्यात या पत्राचा वाटा होता.

१५८० साली स्टीफन्स यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांना साष्टी येथे पाठवण्यात आले. (गोव्यातील साष्टी व मुंबईजवळील साष्टी हे दोन वेगळे प्रदेश होत. गोव्यातील साष्टीचे नाव तेथील सहासष्ट गावांवरून पडले, असे मानतात.) मडगाव व राशोल ही या प्रांतातील येशूसंघाच्या कामाची केंद्रे होती. स्टीफन्स यांनी साष्टीच्या कॉलेजचे रेक्टर म्हणून तसेच प्रांतातील विविध चर्चमध्ये काम केले. मध्यंतरी गोवा शहरातील काही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे होत्या. पण त्यांच्या सुमारे चाळीस वर्षांच्या वास्तव्याचा मोठा भाग साष्टीतच गेला.

१५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती या इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्यात आणण्यात आले. हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैदेत टाकले होते. त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. हे कैदी प्रॉटेस्टंट देशाचे प्रजाजन असूनही स्टीफन्स यांनी त्यांना मदत केली, याची नोंद त्या प्रवाशांच्या लेखनात आहे.

साष्टीतील परिस्थिती

साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली आणि त्याच वर्षी भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर कडक निर्बंध सुचवले. पुराणिकांचे वाचन, देवांचे उत्सव, लग्नातील विधी या सर्वांवर बंदी येत गेली. मराठी पोथ्याही घरांतून नेण्यात आल्या. त्यांपैकी काही मजकूर धर्मगुरूंनी अभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतला. अशा नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत.

या धोरणाला तीव्र विरोधही झाला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा निवडण्यास गेलेल्या पाच येशूसंघीयांना गावकऱ्यांनी ठार मारले. या गावातील देवळे त्यापूर्वी पाडली गेली होती. मृतांमध्ये अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रोदोल्फो आक्वाविवा हे होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावले व तेथे त्यांची हत्या केली. चर्चने त्या पाच धर्मगुरूंना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित केले. मारल्या गेलेल्या गावकरांचे स्मारक अलीकडच्या काळात कुंकळ्ळी येथे उभारण्यात आले आहे.

स्टीफन्स यांनी या घटनेची हकिकत २४ ऑक्टोबर १५८३ रोजी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात कळवली. त्याच पत्रात त्यांनी भारतीय भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदवले आहे. विल्यम जोन्स यांनी संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्याविषयी १७८६ मध्ये मांडलेल्या विचारापूर्वी दोनशे वर्षे हे निरीक्षण केले गेले होते.

स्टीफन्स ज्या देशातून आले, तेथील राज्यसत्तेने त्यांच्या पंथाच्या उपासनेवर बंदी घातली होती. ज्या प्रांतात ते काम करू लागले, तेथील राज्यसत्तेने स्थानिक लोकांच्या उपासनेवर बंदी घातली होती आणि ते स्वतः त्या सत्तेच्या आश्रयाने काम करणाऱ्या संघाचे सदस्य होते. त्यांच्या जीवनाचा व ग्रंथाचा विचार करताना हा विरोधाभास दृष्टिआड करता येत नाही.

ख्रिस्तपुराणाची निर्मिती

नव्याने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांपुढे एक व्यावहारिक प्रश्न होता. पूर्वी सणावारी, चातुर्मासात किंवा संध्याकाळी फावल्या वेळात पुराण ऐकण्याची रीत होती. ती बंद झाली; पण तिच्या जागी काही आले नाही. लॅटिन भाषेतील मिस्सा लोकांना समजत नसे. मुलांना पाठ करून घेतली जाणारी प्रश्नोत्तरे आवश्यक असली, तरी त्यांत कथा नव्हती.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी स्टीफन्स यांनी हाच प्रसंग रचला आहे. एका रविवारी साष्टीतील चर्चमध्ये पाद्री मुलांना दोत्रीन, म्हणजे धर्मशिक्षण, देत असतात. तेव्हा एक ब्राह्मण त्यांना विनंती करतो, की ही शिकवण उत्तम आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे आम्हांला वाचू दिली जात नाहीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण का देत नाही? पाद्री ही विनंती मान्य करतात आणि कथा सुरू होते. लोकांकडून काही काढून घेतले गेले आहे, ही जाणीव ग्रंथकर्त्याला होती, हे या आरंभावरून दिसते.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात ३६ व दुसऱ्या पुराणात ५९ अवस्वर आहेत. अवस्वर म्हणजे अध्याय. एकूण ओव्यांची संख्या १०,९६२ आहे. प्रत्येक ओवी चार चरणांची असून पहिल्या तीन चरणांत यमक आहे. पहिल्या भागात विश्वाची निर्मिती, आदाम व एवा यांचे पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद अशा जुन्या करारातील कथा येतात. दुसऱ्या भागात मरियेचा जन्म, ख्रिस्ताचे जीवन, दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांचे वर्णन आहे.

ग्रंथाची भाषा मराठी आहे. सामान्य श्रोत्यांना कळावे म्हणून कठीण शब्द टाळून स्थानिक ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द मिसळल्याचे कवीने प्रस्तावनेत सांगितले आहे. परमेश्वर, वैकुंठ, मोक्ष, स्वामी, गुरू हे श्रोत्यांच्या ओळखीचे शब्द त्यांनी ख्रिस्ती आशयासाठी वापरले. पहिल्या अवस्वरात रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पवृक्ष या उपमानांच्या साहाय्याने केलेला मराठी भाषेचा गौरव विशेष प्रसिद्ध आहे. त्यामुळे अनेक वर्षे हा भाग मराठीच्या पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला. संत एकनाथ (निधन १५९९) हे स्टीफन्स यांचे ज्येष्ठ समकालीन होते. ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्या ओवीपरंपरेचा परिणाम ख्रिस्तपुराणावर झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे.

देवनागरी खिळ्यांच्या अभावी हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६०८ मध्ये रोम येथील आपल्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी या प्रांताची भाषा तिच्याच लिपीत छापली जावी, अशी इच्छा व्यक्त केली होती. युरोपीय लिपीला दोन डझन खिळे पुरतात, तर येथील जोडाक्षरे व स्वरचिन्हे धरून सुमारे सहाशे साचे लागतील, ही मुख्य अडचण होती. त्यांच्या हयातीत ती दूर झाली नाही.

सण, संत व घर

कॅथलिक पंथात वर्षाची मांडणी ख्रिस्ताच्या जीवनक्रमानुसार केलेली असते. २५ मार्चला देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाचा सण, २५ डिसेंबरला नाताळ, ६ जानेवारीला तीन राजांचा सण, त्यानंतर चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र शुक्रवार, ईस्टर, ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण येतो. दुसऱ्या पुराणातील कथाक्रम याच घटनांचा असल्यामुळे प्रत्येक सणाला त्या दिवसाशी जुळणारा कथाभाग वाचणे सोयीचे झाले. रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सानंतर चर्चमध्ये पुराणवाचन करण्याची प्रथा साष्टीत रूढ झाली. उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे अवस्वर विशेष भक्तीने वाचले जात. श्रोते निरक्षर असले, तरी ओवीच्या चालीमुळे कथा त्यांच्या तोंडी बसत असे.

स्टीफन्स यांच्यानंतर इतर धर्मगुरूंनीही हा मार्ग अनुसरला. फ्रेंच येशूसंघीय एत्येन द ला क्रुआ यांनी संत पेत्राच्या जीवनावर मोठे ओवीबद्ध पुराण रचले. ते १६२९ पासून गोव्यात छापले गेले. आंतोनियु द साल्दान्य यांनी पादुआच्या संत आंतोनीची जीवनकथा लिहिली व ती १६५५ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा ग्रंथांमुळे दूरदेशीचे संत गोव्यातील घरांत आपलेसे झाले. मुलांची नावे त्यांच्यावरून ठेवली जाऊ लागली आणि गावोगावी त्यांचे उत्सव, म्हणजे फेस्त, होऊ लागले.

गोव्यातील कॅथलिक घरांत पुढे जे धार्मिक जीवन आकाराला आले, त्यात चर्चची शिकवण व स्थानिक जीवनरीती यांचा मेळ दिसतो. दिवेलागणीला देव्हाऱ्यासारख्या लाकडी ओरातोरीपुढे बसून सारे कुटुंब तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते. शेजाऱ्यांना बोलावून घरी किंवा वाड्यावरच्या क्रुसापुढे लादीन म्हटली जाते. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आशीर्वादित करून घरी आणण्याचा कोणसांचे फेस्त हा सण अनेक गावांत ऑगस्ट महिन्यात होतो. मंगळूरच्या कॅथलिक समाजात ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्मदिनी मोंती फेस्त साजरे होते. त्या दिवशी घरातील सर्वजण नवे धान्य एकत्र बसून खातात. लग्नापूर्वी वधूवरांना नारळाचा रस लावण्याची रोस ही रीतही टिकून आहे. या चालीरीती स्टीफन्स यांनी सुरू केल्या असे नाही. उलट, १७३६ मध्ये धर्मन्यायालयाने काढलेल्या हुकुमाने ख्रिस्ती घरांतील अनेक देशी प्रथांवर बंदी घातली होती. तरीही त्यांतील काही टिकल्या. नवा धर्म स्वीकारलेल्या माणसाचे घर, भाषा व ओवी तशीच राहू शकतात, ही स्टीफन्स यांच्या ग्रंथामागील भूमिका होती. लोकांच्या व्यवहारातही तीच उतरल्याचे या प्रथांवरून दिसते.

कोकणी ग्रंथ

धर्मशिक्षणासाठी स्टीफन्स यांनी दौत्रिन क्रिस्तां हे कोकणी पुस्तक तयार केले. मार्कुश जोर्ज यांच्या पोर्तुगीज धर्मशिक्षणपुस्तकावर ते आधारलेले असून गुरू व शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. क्रुसाची खूण कशी करावी, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, तसेच सण व उपवास पाळण्याविषयी चर्चचे नियम असा मुलांना घरी व चर्चमध्ये शिकवण्याचा मजकूर त्यात आहे. हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोल येथे छापले गेले.

आर्त द लिंग्व कानारीं हे त्यांचे कोकणी भाषेचे व्याकरण. दियोगु रिबैरु यांनी त्यात भर घातली व १६४० मध्ये ते राशोल येथेच प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. भाषा शिकू पाहणाऱ्या परदेशी धर्मगुरूंसाठी ते लिहिलेले होते.

मृत्यू

स्टीफन्स यांचे १६१९ मध्ये गोव्यात निधन झाले. त्या वेळी ते सुमारे सत्तर वर्षांचे होते. इंग्लंड सोडल्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत. ख्रिस्तपुराणाची पहिली आवृत्ती त्यांच्या हयातीत निघाली. दोन्ही कोकणी ग्रंथ मात्र त्यांना छापील स्वरूपात पाहता आले नाहीत.

ग्रंथाचे पुढील जीवन

ख्रिस्तपुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. त्यानंतर परिस्थिती पालटली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी हुकूम काढून गोव्यातील लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषेचा अवलंब करावा, असे फर्मावले. स्टीफन्स यांनी ज्या भाषेत धर्मकथा सांगितली, तिचा वापर राज्यकर्त्यांना नकोसा झाला. मराठी व कोकणीतील धार्मिक ग्रंथांची छपाई थंडावली. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो घरांमुळे. दुष्काळ, युद्धे व धर्मन्यायालयाचा जाच यांमुळे सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा प्रांतात स्थलांतरित झाली. त्यांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या, पुन्हा पुन्हा उतरवून काढल्या आणि सणावारी त्यांचे वाचन चालू ठेवले. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती समाजाला श्रीरंगपट्टण येथे बंदिवासात नेले व त्यांची चर्चे पाडली गेली. त्या काळात पुराणाच्या ओव्यांनी लोकांना धीर दिला, अशी त्या समाजात परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीही मंगळूर भागातील काही घरांत हे वाचन चालू होते.

अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ एल. साल्दान्य यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला पोहोचलेले देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आणले. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने काढली. तिच्यामुळे हा ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकांच्या हाती आला. त्यानंतर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ मध्ये मुंबईत व नेल्सन फाल्काव यांची आवृत्ती २००९ मध्ये बंगळूर येथे प्रसिद्ध झाली.

गोव्यात पर्वरी येथील थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र ही येशूसंघाची संशोधनसंस्था त्यांच्या नावाने चालते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्टीफन्स यांना परभाषिक असूनही मराठीत महाकाव्य रचणारे कवी म्हणून स्थान आहे. त्यांच्या ग्रंथाचे खरे जतन मात्र ग्रंथालयांपूर्वी साध्या कुटुंबांनी केले. छापलेल्या प्रती नाहीशा झाल्या, राजभाषा बदलली, वाचणाऱ्यांची गावे सुटली. तरी उपवासकाळात व सणाच्या संध्याकाळी घरात वाचण्यासाठी हाताने उतरवलेली पोथी टिकली आणि तिच्यावरूनच आजच्या आवृत्त्या तयार झाल्या.